हिपॅटायटिस सी विषाणूची वंशावळ : पोथीशोधकांच्या दृष्टीनें

जुन्या दप्तरांत, पत्रव्यवहारांत किंवा वैद्यकीच्या बाडांत 'कावीळ' हा शब्द दृष्टीस पडला म्हणजे तेवढ्या आधारावर रोगाच्या इतिहासाची इमारत उभी करण्याचा मोह संशोधकास होतो. हल्लीं यकृताच्या रोगांचीं नांवें सर्वतोमुखी झालीं असल्यामुळें हा मोह एक पाऊल पुढें जातो, आणि हिपॅटायटिस सी हा रोग शिवकाळीं होता काय, पेशवाईंत होता काय, असे प्रश्न उत्पन्न होऊन त्यांचीं उत्तरें ह्याच एका शब्दांत शोधावीशीं वाटतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याची ही रीत मात्र ग्राह्य नव्हे. ह्या विषाणूचा पूर्वेतिहास सांगणारा पुरावा निराळा आहे, आणि मौज अशी कीं तो तपासण्याची पद्धति आमच्या वाचकांस अपरिचित नसून त्यांच्या नित्याच्या व्यवसायांतलीच आहे. ती पद्धति म्हणजे प्रतींची तुलना.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'कावीळ' हा शब्द संस्कृत 'कामला' शब्दाशीं संबद्ध आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळाव्या अध्यायांत, पांडुरोगाच्या प्रकरणांत, कामला, कुंभकामला आणि हलीमक ह्यांचें वर्णन आलें आहे. डोळे, त्वचा, नखें व मुख हळदीसारखीं पिवळीं होणें हें कामलेचें मुख्य लक्षण तेथें सांगितलें आहे. म्हणजे कामला हें लक्षणाचें नांव झालें, कारणाचें नव्हे. पित्तमार्गांत खडा अडकला तरी कामला होते; हिवतापांत रक्तकण मोठ्या प्रमाणावर फुटले तरी होते; आणि यकृताला सूज आणणारे ए, बी, सी, डी, ई असे जे पांच विषाणु प्रसिद्ध आहेत त्यांपैकीं कोणत्याहि एकानें होऊं शकते. हे पांच परस्परांचे भाऊबंदहि नव्हेत. एकाच पेठेंत राहणाऱ्या पांच निरनिराळ्या कुळांस पत्रें वांटणाऱ्यानें ओळीनें क्रमांक द्यावे, तसा हा प्रकार आहे.

त्यांतून सी विषाणूची गोष्ट अधिकच वेगळी. त्याची बाधा नव्यानें झालेल्या बहुतेकांस कावीळ होतच नाहीं. माणूस वीस-तीस वर्षें धडधाकट दिसतो, आणि मग अशांपैकीं कांहींचें यकृत घट्ट व गांठाळ होऊन पोटांत पाणी सांठतें किंवा यकृतांत अर्बुद उद्भवतें. तेव्हां प्राचीन ग्रंथांत ह्या विषाणूचें पाऊल उमटलें असेलच, तर तें कामलेच्या प्रकरणांत नसून 'उदर' रोगाच्या प्रकरणांत असण्याचा संभव अधिक. परंतु अतिमद्यपानानेंहि तेंच उदर होत असल्यामुळें तेथेंहि निश्चय करतां येत नाहीं. आमच्या खेड तालुक्यांत काय किंवा अन्यत्र काय, कावीळ उतरविणारे व काविळीचा पाला देणारे लोक आहेत आणि त्यांच्या हातास गुण असल्याची ख्यातीहि असते. दूषित पाण्यानें होणारी ए व ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप बरी होते व श्रेय पाल्यास मिळतें. सी विषाणु कावीळ न दाखवितांच घर करून राहतो, म्हणून तो ह्या मंडळींच्या दारीं फारसा जातच नाहीं.

शब्द असा निरुपयोगी ठरला, तर मग पुरावा कोणता? जपून ठेवलेलें रक्त हा पुरावा होय. तारीख व गांव लिहिलेली रक्तजलाची कुपी हा एक दप्तरी कागदच आहे, ही गोष्ट पुण्याशीं संबंध असलेल्या एका उदाहरणानें ध्यानांत येईल. पुण्यांत १९५२ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें 'व्हायरस रिसर्च सेंटर' निघालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ह्या नांवानें चालत आहे. दिल्लींत १९५५-५६ च्या हिवाळ्यांत यमुनेंतून घेतलेल्या पिण्याच्या पाण्यांत मैला मिसळून काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारें २९,३०० लोकांस कावीळ झाली. ती साथ त्या वेळीं ए प्रकारची समजली गेली. पुढें ए व बी हे विषाणु ओळखण्याच्या कसोट्या निघाल्यावर त्या साथींतील जपून ठेवलेलें रक्तजल पुन्हा काढण्यांत आलें, आणि अमेरिकेंतील व पुण्याच्या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं मिळून १९८० सालीं असें दाखविलें कीं दोषी ह्या दोहोंपैकीं कोणीच नव्हता. त्या तिसऱ्यास आज ई म्हणतात. कुप्या फेंकून दिल्या असत्या तर चुकीची नोंदच इतिहास होऊन बसली असती.

सी विषाणूचा शोध ह्याच सुमारास दुसऱ्या बाजूनें चालू होता. इस्पितळांत रक्त चढविलेल्या रोग्यांस होणारा एक यकृतदाह ए किंवा बी ह्यांचा नव्हे असें १९७५ सालीं सिद्ध झालें होतें. उपनिषदांतल्या 'नेति नेति' सारखें त्याचें नांवहि 'ए नव्हे, बी नव्हे' असेंच पडलें. १९८९ सालीं मायकेल हौटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बाधित चिंपांझीच्या रक्तांतून त्याचा पाठ उकलला. विषाणु डोळ्यांनीं दिसण्यापूर्वींच त्याची संहिता वाचली गेली, असें हें उदाहरण आहे. ह्या कामगिरीबद्दल हार्वे आल्टर, हौटन व चार्ल्स राइस ह्यांस २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ही संहिता आहे तरी केवढी? आर.एन.ए. नांवाच्या द्रव्याच्या एका धाग्यावर सुमारें ९,६०० अक्षरें, आणि वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. मध्यें कोठेंहि दंड नाहीं. आरंभापासून अखेरपर्यंत एकच सलग वाक्य वाचलें जाऊन सुमारें ३,००० घटकांचें एक लांबलचक प्रथिन तयार होतें व मग त्याचे तुकडे होतात. यकृताच्या पेशींत शिरल्यावर विषाणु ह्या धाग्याच्या नकला काढतो. नकला काढणारा लेखनिक, म्हणजे विषाणूचेंच एक प्रथिन, अत्यंत वेगवान आहे, पण लिहिलेलें पुन्हा वाचून पाहण्याची संवय त्यास नाहीं. दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागें त्याच्या हातून एक चूक होते. बाधित माणसाच्या देहांत दिवसाला सुमारें एक लाख कोटि नवे विषाणु तयार होतात हें लक्षांत घेतलें, तर कोणतीहि एकेरी चूक त्यांत रोज कोठें ना कोठें घडतच असणार. एका रोग्याच्या रक्तांत एक संहिता नसतेच. असतो तो पाठभेदांचा गठ्ठा.

ह्या गठ्ठ्यांतच विषाणूच्या टिकाऊपणाचें रहस्य आहे. शरीर विषाणूचें बाह्य रूप ओळखून त्यावर प्रतिद्रव्यें सोडतें. परंतु विषाणूच्या वेष्टनांतील एका प्रथिनाच्या टोकाशीं सुमारें २७ घटकांचा एक भाग असा आहे कीं त्याचा पाठ सारखा बदलत असतो. जुना पाठ ओळखणारें प्रतिद्रव्य तयार होईपर्यंत नवा पाठ पुढें आलेला असतो. उलट संहितेच्या आरंभींचीं सुमारें ३४० अक्षरें प्रथिनांत उतरत नाहींत, पण पेशीचें वाचनयंत्र संहितेवर बसविण्याचें काम तीं करतात. तेथें बदल झाला तर ती नक्कलच निकामी होते, म्हणून तो भाग जवळजवळ अविकृत राहतो. ह्याच आरंभभागास यकृताच्या पेशींत विपुल असणारा एक सूक्ष्म आर.एन.ए. चिकटतो आणि विषाणूचें रक्षण करतो. यजमानानें आपल्या घरच्या कामासाठीं ठेवलेला चाकर पाहुण्यानें आपल्या दिमतीस लावावा, त्यांतला हा प्रकार. विषाणु यकृतांतच कां रमतो, ह्याचें हें एक मोठें कारण आहे.

आतां वंशावळीकडे वळूं. नकलांत चुका शिरतात आणि त्या पुढील नकलांत उतरतात, हें आळंदीच्या परिसरांत राहणाऱ्यास सांगावयास नको. कुरुळीहून आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें झाली; तिच्या प्रतींत इतके अपपाठ शिरले कीं तीनशें वर्षें होण्यापूर्वींच, शके १५०६ मध्यें, एकनाथांस प्रती मिळवून ग्रंथ शुद्ध करावा लागला. अलीकडच्या काळांत ह्याच विद्येची परमावधि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत केली. १९१९ सालीं आरंभिलेलें हें काम १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांच्याकडे आलें, आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें आणि सर्व पर्वें १९६६ सालीं संपलीं. उत्तरेची परंपरा, दक्षिणेची परंपरा, त्यांच्या लिपीवार शाखा, असा वंशवृक्ष त्यांत मांडला आहे. त्यामागचें सूत्र एकच : दोन प्रतींत शुद्ध पाठ सारखा असला तर त्यावरून नातें ठरत नाहीं, कारण तो दोघींसहि मुळापासून मिळालेला असतो, चूक सारखी असली तरच त्या दोघी एका घरच्या. विषाणूंची वंशावळ मांडणारे शास्त्रज्ञ गणितयंत्राच्या साहाय्यानें चालवितात तें हेंच सूत्र.

ह्या रीतीनें पाहतां मानवी सी विषाणूच्या उपलब्ध प्रती आठ कुळांत पडतात. दोन कुळांत शेंकडा तीसच्या आसपास अक्षरें भिन्न असतात. एकाच कुळाच्या उपशाखांत शेंकडा पंधरा ते पंचवीस. पहिल्या व दुसऱ्या कुळाच्या नानाविध शाखा पश्चिम आफ्रिकेंत, चौथ्याच्या मध्य आफ्रिकेंत व मिसर देशांत, पांचव्याचा वास मुख्यतः दक्षिण आफ्रिकेंत, सहाव्याचा आग्नेय आशियांत. तिसरें कुळ आपलें, म्हणजे दक्षिण आशियाचें. आठवें कुळ २०१८ सालीं कॅनडांत ओळखलें गेलें, पण ज्या चार रोग्यांत तें सांपडलें ते मूळचे पंजाबांतले होते. पुण्याच्या संस्थेनें भारतांतील रोग्यांत कोणत्या उपशाखा आढळतात ह्याची पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध केली; आपल्या देशांत तिसरें कुळ प्रधान व त्याच्या मागोमाग पहिलें, असें सामान्यतः दिसतें.

ज्या प्रदेशांत एका ग्रंथाच्या परस्परभिन्न व खोल शाखा आढळतात, तेथें तो ग्रंथ फार दिवस नांदला असें आपण समजतों. जेथें एकाच शाखेच्या जवळजवळ समान प्रती ढिगानें मिळतात, तेथें छापखाना पोंचला असें समजतों. विषाणूच्या बाबतींतहि हेंच. दक्षिण आशियांत तिसऱ्या कुळाच्या अनेक भिन्न उपशाखा आहेत. तें येथलें जुनें हस्तलिखित धन. परंतु त्यांतली एक उपशाखा, जिला ३ए म्हणतात, जगभर पसरली असून दूरदूरच्या देशांतील तिच्या प्रतींत फरक अल्प आहे. हा छापखाना म्हणजे विसाव्या शतकांतील इंजेक्शनची सुई, रक्तपेढीची बाटली आणि मादक द्रव्यें टोंचून घेण्याचें व्यसन. पहिल्या कुळाच्या १ए व १बी ह्या उपशाखांचीहि हीच कथा. आमच्या मतें ह्या विषाणूच्या इतिहासांत हे दोन काळ कटाक्षानें वेगळे ठेवले पाहिजेत : एक सुईपूर्व, मंद व प्रादेशिक; दुसरा सुईनंतरचा, वेगवान व सार्वदेशिक. एकाचा पुरावा दुसऱ्यास लावण्यानें सगळा गोंधळ होतो.

काळ ठरवावयाचा कसा? पोथीस पुष्पिका असली, तींत शक, संवत्सर व लेखनिकाचें नांव असलें, म्हणजे काम सोपें होतें. विषाणूसहि क्वचित् अशी पुष्पिका लाभते. आयर्लंडांत १९७७-७८ सालीं अनेक बाळंतिणींस 'अँटी-डी' नांवाचें रक्तजन्य औषध टोंचण्यांत आलें. तें ज्या रक्तद्रवापासून केलें होतें त्यांत एका बाधित स्त्रीचा रक्तद्रव मिसळलेला होता. अनर्थ १९९४ सालीं उघडकीस आला. मूळ प्रत एक, नकलांचा दिवस ठाऊक, आणि मध्यें सुमारें सतरा वर्षें लोटलेलीं : कालगणनेस ह्याहून स्पष्ट आधार मिळणें कठीण. अशा पुराव्यांवरून दर हजार अक्षरांस वर्षाला सुमारें एक बदल असा वेग निघाला. मिसर देशांत शिस्टोसोमा नांवाच्या कृमींवर अँटिमनीच्या क्षाराचीं इंजेक्शनें लक्षावधि खेडूतांस दिलीं गेलीं व सुया नीट उकळल्या जात नव्हत्या. तेथील चौथ्या कुळाच्या प्रतींवरून मागें गणित केलें, तेव्हां १९३० ते १९५५ ह्या काळांत विषाणूचा झपाट्यानें फैलाव झाल्याचें निघालें. त्या उपचारांचा दप्तरी इतिहासहि ह्याच दिशेस बोट दाखवितो.

परंतु हाच वेग घेऊन शतकांमागें जाणें धोक्याचें आहे, आणि येथें पोथीशोधकाचा सावधपणा उपयोगी पडतो. एकाच जागचें अक्षर दोनदां बदललें तर आपणांस एकच बदल दिसतो; कधीं अक्षर फिरून मूळपदावर येतें, मग एकहि दिसत नाहीं. शिवाय नव्या नकलांत दिसणाऱ्या पुष्कळ चुका अपायकारक असतात व कालांतरानें त्या नकलाच मरून जातात. त्यामुळें अलीकडचा वेग अधिक भासतो, आणि त्या मापानें मोजलेलें प्राचीन अंतर खऱ्याहून फार जवळचें निघतें. कुळें एकमेकांपासून फुटलीं तो काळ ह्या मापानें शतकांत येवो वा सहस्रकांत, ती खालची मर्यादा समजावी. वि. का. राजवाडे ह्यांनीं १९०९ सालीं जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, त्या वेळेपासून भाषेच्या जुनेपणावरून प्रतीचा काळ ठरविण्याविषयीं जे वाद झाले ते ज्यांस स्मरतात, त्यांस हा मुद्दा विस्तारानें सांगणें नको.

मनुष्याच्या पलीकडे ह्या घराण्याचे नातलग कोण? १९८९ नंतर बरींच वर्षें एकच ठाऊक होता, टॅमरिन नांवाच्या लहान माकडांत आढळलेला. त्याच्या नांवांतील 'जी.बी.' हीं अक्षरें एका आजारी शस्त्रवैद्याच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. त्याचें रक्तजल माकडांस टोंचल्यावर तीं आजारी पडलीं, म्हणून विषाणु त्याचा समजला गेला. वस्तुतः तो माकडांचाच असावा असें पुढें दिसून आलें. दप्तर ज्याच्या घरीं सांपडलें त्याचेंच तें असें मानण्याची चूक केवळ इतिहाससंशोधकच करतात असें नाहीं! २०११ सालीं कुत्र्यांत एक जवळचा विषाणु मिळाला; २०१२ सालीं कळलें कीं त्याचें खरें घर घोडा हें आहे. त्यानंतर उंदीर, वटवाघूळ, गाय, आफ्रिकेंतील कोलोबस माकड, इतकेंच नव्हे तर मासे, अशा अनेकांत ह्या घराण्याच्या शाखा सांपडल्या. ह्यावरून घराणें अतिप्राचीन ठरतें. यकृताच्या त्या सूक्ष्म आर.एन.ए.स चिकटण्याची युक्ति घोड्याच्या विषाणूसहि साधलेली आहे. तेव्हां ती युक्ति माणसांत येऊन शिकलेली नव्हे, वडिलोपार्जित असावी.

घोड्याचें नांव निघतांच मराठी वाचकाच्या मनांत पागा, शिलेदार आणि मुलूखगिरी उभी राहील. त्या दिशेनें जाऊं नये. आज उपलब्ध असलेल्या प्रतींत घोड्याची प्रत मानवी प्रतीस सर्वांत जवळची, एवढाच ह्याचा अर्थ. सर्वांत जवळची उपलब्ध प्रत ही मातृका असतेच असें नाहीं. दोघींची मातृका तिसऱ्याच एखाद्या प्राण्यांत असूं शकेल. मानवी कुळांत जेवढी विविधता आहे तेवढी घोड्यांतील प्रतींत नाहीं, हेंहि विसरतां कामा नये.

सुखठणकरांस सर्वांत अधिक त्रास दिला तो संकरानें : लेखनिकानें दोन परंपरांच्या प्रती समोर ठेवून मिश्र प्रत तयार केली कीं वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. विषाणूंतहि हें घडतें. एकाच यकृतपेशींत दोन कुळांचे विषाणु एकत्र आले, तर लेखनिक एक धागा अर्ध्यावर सोडून दुसऱ्यावर जातो. दुसऱ्या व पहिल्या कुळाची अशी मिश्र प्रत रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें २००२ सालीं प्रसिद्ध झाली. सुदैवानें सी विषाणूंत संकर विरळा, म्हणून त्याचा वंशवृक्ष महाभारताच्या मानानें पुष्कळच सुटसुटीत राहिला आहे.

आमच्या कुरुळीचा ह्या सर्वांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. पुणें-नाशिक रस्त्यावर मोशीच्या पुढें व चाकणच्या अलीकडे हें गांव. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाएस्तेखानाविरुद्ध लढविला, म्हणून हा टापू इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असतो. आज तो कारखान्यांचा टापू आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा अशा नाना मुलुखांतले कामगार येथें वस्तीस आले आहेत. काशींत सर्व देशींच्या पोथ्या एकत्र याव्या, तशीं सर्व देशींचीं रक्तें येथें एकत्र आलीं आहेत. रक्तपेढींत दात्याच्या रक्तांत सी विषाणु आहे काय हें पाहणें आपल्याकडे २००१ च्या सुमारास सक्तीचें झालें. नवीं औषधें नक्कल काढण्याचेंच काम बंद पाडतात. त्यांतलें सोफोसबुव्हिर २०१३ सालीं निघालें, आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं शंभरांत नव्वदांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतून हा उपचार विनामूल्य मिळतो. बी विषाणूप्रमाणें सी विषाणु पेशीच्या केंद्रांत आपली मुळें रोवीत नाहीं, नकला काढूनच जगतो. म्हणून नक्कल थांबली कीं तो संपतो. ही पोथी जळाल्याचें दुःख कोणत्याहि संग्राहकानें करूं नये. मात्र उपचारापूर्वीं काढलेलें रक्त, रोग्याच्या संमतीनें, नांव झांकून, पण वर्ष व मूळ गांव लिहून ठेवलें, तर ह्या शतकांतल्या स्थलांतराचा असा कागद मागें राहील कीं जो जनगणनेच्या कोष्टकांत सांपडणार नाहीं.

राहिला प्रश्न सुईपूर्व काळाचा. रक्तावांचून सहसा न पसरणारा विषाणु सुई नसतांना शतकानुशतकें टिकला कसा? त्याचें उत्तर त्याच्या मंदपणांत आहे. बाधितांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांत तो जन्मभर राहतो. तीस वर्षांत एकदां जरी दुसऱ्या देहांत शिरावयास मिळालें तरी वंश चालतो. अशा प्रवेशाच्या वाटा शोधावयाच्या तर तें काम प्रयोगशाळेचें नसून दप्तर चाळणाऱ्यांचें आहे. म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं वैद्यकीचीं बाडें पाहतांना 'कावीळ' शब्दाखालीं रेघ ओढण्यापेक्षां शीर तोडणें, तुंबड्या व जळवा लावणें, गोंदणें, कान टोंचणें ह्यांच्या नोंदी उतरून घ्याव्या : कोणतें हत्यार, किती जणांस एकच, मध्यें तें भाजलें कीं नुसतें पुसलें. ह्यांतहि देवी काढण्याचे कागद विशेष महत्त्वाचे. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गोस्तनदेवीची लस लागली आणि तेथून ती लस एका मुलाच्या दंडांतून दुसऱ्याच्या दंडांत अशी हिंदुस्थानभर नेली गेली. दंडांतून दंडांत लस नेतांना रक्ताचा अंश जातो. जर्मनींत ब्रेमेन येथें १८८३ सालीं गोदींतल्या १,२८९ कामगारांस मानवी लस टोंचल्यावर त्यांपैकीं १९१ जणांस कावीळ झाली. ती बी प्रकारची असावी, पण वाट सी विषाणूसहि तीच. तेव्हां एखाद्या दप्तरांत देवी काढणाऱ्याच्या फेरीची यादी मिळाली, आणि तींत कोणत्या गांवच्या मुलाच्या दंडावरून कोणत्या गांवच्या मुलास लस दिली हा क्रम असला, तर ती यादी गांवांच्या क्रमासकट, एकहि नांव न गाळतां, त्रैमासिकाकडे पाठवावी.